मधमाश्यांच्या घराचे दार कसे उघडले

नव्याच्या सणाला आपण सफरचंदाची फोड मधात बुडवितो, पण हा मध काढण्यासाठी एके काळी माश्यांचे घरच मोडावे लागत असे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. कोकणात आपल्या वाडवडिलांनी पाहिलेली रीत तीच. मोहोळाला धूर द्यायचा, पोळे कापायचे आणि पिळायचे. मध मिळे, पण अळ्या मरत आणि घर उजाड होई.

इस्राएलमध्ये मात्र माश्या पाळण्याची विद्या फार जुनी. बेत-शान जवळच्या तेल-रहोव येथे हिब्रू विद्यापीठाचे प्रा. अमिहाई मझार यांना उत्खननात सुमारे २९०० वर्षांपूर्वीची मधुशाळा सापडली. २००७ साली ही बातमी जाहीर झाली. माती व गवताच्या काडाची, न भाजलेली नळकांडी ओळीने एकावर एक रचलेली होती. प्रत्येक सुमारे ८० सेंटिमीटर लांब. एका टोकाला माश्यांसाठी लहानसे भोक, दुसऱ्या टोकाला पाळणाऱ्यासाठी झाकण. ‘दूध व मध वाहणारा देश’ यातील मध खजुराचा, असे पुष्कळ विद्वान मानतात. पण त्या काळी येथे माश्यांचा मधही काढीत, हे आता सिद्ध झाले आहे.

झाकण उघडले तरी आत काय चालले आहे हे नीट दिसत नसे, कारण पोळी भिंतीला चिकटलेली असत. ही अडचण प्रथम दूर केली ती एका अंध माणसाने! जिनिव्हाचे फ्रांस्वा ह्युबर (१७५०–१८३१) यांनी पुस्तकाच्या पानांसारखी उघडणारी पेटी तयार केली. त्यांचा सेवक ब्युर्नेन्स पाहून सांगे आणि ह्युबर प्रश्न विचारून निष्कर्ष काढीत. १७९२ साली त्यांची निरीक्षणे प्रसिद्ध झाली. पुढे १८५१ साली अमेरिकेतील पाद्री लँगस्ट्रॉथ यांच्या ध्यानात आले की, चौकट व भिंत यांमध्ये सुमारे ९ मिलिमीटर फट ठेवली तर माश्या ती मेणाने भरीत नाहीत. त्यामुळे चौकट अलगद वर उचलता येऊ लागली. आजची मधपेटी याच शोधावर उभी आहे.

नव्याने माश्या पाळणाऱ्याने पेटी तपासायची ती उबदार, वारा नसलेल्या दिवशी, आणि पहिल्या वेळी जाणकाराला सोबत घेऊनच. दारासमोर उभे न राहता बाजूला राहावे. थोडाच धूर द्यावा. त्याने माश्यांचा धोक्याचा वास झाकला जातो व त्या मध पिण्यात गुंततात. कडेची चौकट आधी काढावी, म्हणजे बाकीच्या सरकवायला जागा होते. राणी दिसलीच पाहिजे असे नाही. घरांच्या तळाशी तांदळाच्या बारीक कणीसारखी उभी अंडी दिसली की समजावे, राणी एकदोन दिवसांत येथे होती, कारण अंडे तीनच दिवस टिकते, मग अळी होते. बंद घरांची झाकणे सारखी व कोरडी असावीत. खचलेली, भोके पडलेली, दुर्गंधी येणारी असतील तर रोगाची शंका घ्यावी. शेवटी चौकटी त्याच क्रमाने ठेवून तारखेसह टिपण करावे. मी आयुष्यभर रुग्णाच्या खाटेशी तक्ते भरले. येथेही आजची नोंद मागच्या नोंदीशी ताडली तरच बिघाड वेळीच कळतो.

हे पाहणे आता अधिकच अगत्याचे झाले आहे. १९८४ साली इस्राएलमध्ये व्हरोआ नावाची तांबूस गोचीड आली. ही मुळात आशियाई माशीवरची; आपल्या कोकणातील सातेरी त्याच जातीची. सातेरी एकमेकींच्या अंगावरून ती काढून टाकते आणि तग धरते. पाश्चात्य माशीला ती कला फारशी साधत नाही, व उपचार न केल्यास वसाहत बहुधा दोन-तीन वर्षांत संपते. गोचीड बंद घरांत वाढते, म्हणून बाहेरून पेटी गजबजलेली दिसली तरी निर्धास्त राहू नये.

पूर्वी पेटी उघडणे म्हणजे माश्यांचा नाश होता. आज वेळेवर न उघडणे हाच त्यांचा नाश ठरू शकतो.