अहवालातली एक ओळ

माझं आजोळ ब्रह्मपुरीचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामा आम्हाला वैनगंगेचा पूल ओलांडून वडशाला न्यायचा. स्टेशनचं नाव वडसा, गावाचं सरकारी नाव देसाईगंज. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा होईपर्यंत हे गाव चंद्रपूर जिल्ह्यात होतं. इथल्या पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२च्या रात्री जे घडलं, त्यामुळे पुढे देशाचा कायदा बदलला. मला हे कळलं पुण्यात नोकरीला लागल्यावर, तेही असंच काहीतरी वाचता वाचता. घरात हा विषय कधी निघालाच नव्हता. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "मी तेव्हा पाळण्यात होते रे." आणि मग थोडं थांबून, "पण मोठी माणसं बोलायची बंद व्हायची, ते आठवतं."

हे प्रकरण त्या मुलीच्या नावानेच ओळखलं जातं. मी ते नाव लिहिणार नाही. पीडितेची ओळख उघड करू नये, असा कायदा याच प्रकरणानंतर आला, तेवढा मान राखायला हवा. सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरी 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' अशी त्याची नोंद आहे. निकालपत्र फार मोठं नाही, तासाभरात वाचून होतं. मी ते बऱ्याचदा वाचलं आहे. दर वेळी मी त्यातल्या वैद्यकीय अहवालापाशी थांबतो.

आधी हकीकत. मुलगी लहानपणीच आईबापाविना झालेली, भावाकडे राहायची. दोघंही मजुरी करायचे. जिथे ती कामाला जायची, त्या घरातल्या बाईच्या भाच्याशी तिचं जमलं आणि दोघांनी लग्न करायचं ठरवलं. भावाला ते पटलं नाही. बहिणीला पळवून नेल्याची तक्रार घेऊन तो ठाण्यात गेला. रात्री नऊच्या सुमारास सगळ्यांना ठाण्यात आणलं. जबाब झाले. साडेदहाच्या सुमारास तिच्या जन्माच्या नोंदीची नक्कल आणायला सांगून तपास करणारा हेडकॉन्स्टेबल निघून गेला. बाकीचे बाहेर पडले, तिला मात्र आत थांबवून घेतलं. एका कॉन्स्टेबलने तिला मागच्या बाजूच्या संडासाकडे नेलं आणि बलात्कार केला. दुसरा, दारू प्यायलेला हेडकॉन्स्टेबल, तिच्या अंगाशी आला. बाहेर तिची माणसं हाका मारत होती, आत दिवे बंद होते. ही तिची आणि फिर्यादी पक्षाची बाजू. थोड्याच वेळात ठाण्यासमोर गर्दी जमली.

दुसऱ्या दिवशी, २७ मार्चला रात्री आठ वाजता, डॉक्टरांनी तिला तपासलं. अहवालात पाच-सहा गोष्टी आहेत. अंगावर जखम नाही. योनिपटल फाटलेलं, पण जुनं. योनिमार्गात दोन बोटं सहज जातात. वय अंदाजे १४ ते १६. अंगावरून घेतलेल्या नमुन्यांत वीर्याचा अंश मिळाला नाही. तो तिच्या कपड्यांवर आणि त्या कॉन्स्टेबलच्या पायजम्यावर मिळाला.

हा एकच अहवाल तीन न्यायालयांनी वाचला.

सत्र न्यायालयाने १ जून १९७४ रोजी दोघांना निर्दोष सोडलं. वय १६च्या आत असल्याचं सिद्ध होत नाही, तिला शरीरसंबंधांची सवय आहे, ती खोटारडी आहे, जे झालं ते संमतीने झालं असणार, असा त्याचा सूर होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी हा निकाल फिरवला. तपासणी जवळपास वीस तासांनी झाली, मध्ये तिने अंघोळ केली असणार, म्हणून अंगावर काही मिळालं नाही, असं या न्यायालयाने म्हटलं. भीतीपोटी गप्प राहणं आणि संमती देणं यांत फरक असल्याचंही त्याने सांगितलं. कॉन्स्टेबलला पाच वर्षं आणि हेडकॉन्स्टेबलला एक वर्ष सक्तमजुरी झाली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही सोडलं. जखम नाही, म्हणजे प्रतिकार नाही. प्रतिकार नाही, म्हणजे आरडाओरड केल्याची गोष्ट रचलेली. सगळं शांततेत पार पडलं, असा निष्कर्ष त्या न्यायालयाने काढला.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सिस्टीम बंद पडली की आम्ही लॉग उघडतो. लॉगमध्ये काय दिसतं आणि त्यावरून आपण काय समजतो, या दोन गोष्टी वेगळ्या रकान्यांत लिहायच्या, हे नोकरीच्या पहिल्या महिन्यातच शिकवलं जातं. 'सर्व्हरने उत्तर दिलं नाही' हे दिसलेलं. 'सर्व्हर बंद होता' हा आपला तर्क. मी तो अहवाल या सवयीने वाचायला बसलो. 'अंगावर जखम नाही' हे दिसलेलं आहे. 'प्रतिकार केला नाही' हा तर्क, आणि 'संमती होती' हा त्याच्याही पुढचा तर्क. ठाण्याच्या आत, रात्री, गणवेशातल्या दोन माणसांपुढे एक मजूर मुलगी गोठून गेली असेल, तर तिच्या अंगावर ओरखडा कुठून सापडणार?

दोन बोटांच्या शेऱ्याची गोष्ट याहून वाईट आहे. तिथे जे 'दिसलं', त्यालाच काही अर्थ नाही. योनिमार्ग लवचिक असतो. योनिपटलाचा आकार आणि जाडी प्रत्येकीची वेगळी असते, आणि संबंधांशिवायही ते फाटू शकतं. बोटं कुणाची, किती जाड, यावरही उत्तर बदलणार. आधी संबंध आले होते का, हे या चाचणीतून कळत नाही. आणि कळलं असतं, तरी २६ मार्चच्या रात्री त्या कॉन्स्टेबलला तिने होकार दिला होता का, याच्याशी त्याचा काय संबंध?

मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. त्या काळी १६ वर्षांखालच्या मुलीच्या संमतीला कायद्यात किंमत नव्हती. तिचं वय १६च्या आत ठरलं असतं, तर संमतीचा प्रश्नच उरला नसता. डॉक्टरांचा अंदाज १४ ते १६ होता. न्यायालयाने तो पुरेसा मानला नाही. इथवर मला तक्रार करता येत नाही. वयाच्या अंदाजात वर्ष-दोन वर्षांची चूक होऊ शकते, आणि शंकेचा फायदा आरोपीला मिळालाच पाहिजे. पण अहवालातल्या एका ओळीकडे एवढ्या बारकाईने पाहणाऱ्या न्यायालयाने त्याच कागदावरची दुसरी ओळ जशीच्या तशी उचलली. वयाच्या आकड्यावर शंका घेतली गेली, दोन बोटांवर मात्र घेतली गेली नाही.

ती ओळ त्या डॉक्टरांनी शोधून काढलेली नव्हती. त्या काळच्या शिक्षणातच ती होती. इंग्रजी अमदानीत न्यायवैद्यकशास्त्राची जी पाठ्यपुस्तकं तयार झाली, त्यांत बलात्काराच्या प्रकरणाची सुरुवातच संशयाने होते. नॉर्मन चेव्हर्सचं पुस्तक १८५६चं, बंगालमधलं. 'इथले लोक खोट्या फिर्यादी करतात', हे त्यात गृहीत धरलेलं आहे. १९२० साली जयसिंग मोदींचं पाठ्यपुस्तक आलं आणि पिढ्यानपिढ्या डॉक्टर आणि वकील त्यावर शिकले. बाई खोटं बोलत असेल, तेव्हा तिच्या शरीरालाच विचारा, हा धडा पुस्तकातून तपासणीच्या टेबलावर आणि तिथून निकालपत्रात पोहोचला. १८७२च्या पुरावा कायद्याची १५५(४) ही तरतूद त्याला जोडून होती. फिर्यादी स्त्री सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची असल्याचं दाखवून तिची साक्ष हाणून पाडायची मुभा त्यात होती. दोन बोटांचा शेरा त्या कामी आयताच मिळायचा.

गंमत म्हणजे त्याच कायद्यात याचा उताराही होता. कलम ४५ म्हणतं, तज्ज्ञाचं मत पुरावा म्हणून घेता येईल. थोडं पुढे कलम ५१ म्हणतं, जिथे एखाद्याचं मत ग्राह्य आहे, तिथे त्या मताची कारणंही ग्राह्य आहेत. म्हणजे 'तुम्हाला हे कशावरून वाटतं?' हा प्रश्न विचारायची सोय १८७२पासून होती.

पुढची कथा बऱ्याच जणांना माहीत आहे. सप्टेंबर १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, हा त्याचा गाभा. १९८०च्या महिला दिनी अनेक शहरांत मोर्चे निघाले. मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. १९८३मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराचा वेगळा, अधिक शिक्षेचा गुन्हा झाला. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि 'माझी संमती नव्हती' असं स्त्रीने न्यायालयात सांगितलं, तर संमती नव्हती असंच न्यायालय गृहीत धरेल, अशी तरतूद आली. आरोपीला ते गृहीतक खोडून काढता येतं.

पण १५५(४) तशीच राहिली. ती गेली २००२च्या शेवटी. दोन बोटं त्यानंतरही राहिली. २०१०मध्ये सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अशा तपासण्या किती वाईट दर्जाच्या होतात, यावर अहवाल लिहिला. त्यावरून जनहित याचिका दाखल झाली, तीही नागपूर खंडपीठातच. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी स्त्रीच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग असल्याचं म्हटलं. २०१४मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने तिच्यावर बंदी घालणाऱ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. तरीही ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं, की ही चाचणी करणाऱ्याने गैरवर्तन केलं असं धरलं जाईल आणि अभ्यासक्रमातूनही ती काढा. देसाईगंजच्या तपासणीला तेव्हा पन्नास वर्षं होऊन गेली होती.

इथे थांबलो असतो, तर हा लेख एका वाईट चाचणीच्या अंताची गोष्ट झाला असता. पण त्यानंतर सातच दिवसांनी, ७ नोव्हेंबर २०२२ रोजी, त्याच न्यायालयाने आणखी एक निकाल दिला. दिल्लीच्या छावला भागातून फेब्रुवारी २०१२मध्ये एका १९ वर्षांच्या मुलीला गाडीतून पळवून नेलं होतं. तिच्यावर बलात्कार झाला, अतोनात हाल करून तिला मारलं गेलं आणि मृतदेह हरियाणातल्या एका शेतात टाकला गेला. तिघांना सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने तिघांनाही सोडलं.

बातमी वाचून मी चिडलो होतो. निकाल वाचल्यावर चिडण्याची जागा बदलली. या खटल्यात दोन बोटं नव्हती, डीएनए होता. पण १४ आणि १६ फेब्रुवारीला घेतलेले नमुने २७ तारखेपर्यंत पोलिसांच्या मालखान्यात पडून होते. डीएनएच्या निष्कर्षांचा आधार काय, पद्धत नीट वापरली होती का, हे खालच्या दोन्ही न्यायालयांनी तपासलंच नव्हतं. फिर्यादी पक्षाच्या ४९ साक्षीदारांपैकी दहा महत्त्वाच्या साक्षीदारांची उलटतपासणी झाली नव्हती. न्यायाधीशांना स्वतः प्रश्न विचारायचा अधिकार असूनही त्यांनी तो वापरला नव्हता. तीन माणसांना फासावर चढवायला निघालेल्या खटल्यात 'कशावरून?' हे कुणी धड विचारलं नव्हतं. मुलीच्या आईवडिलांच्या पदरी दहा वर्षांनी काय पडलं? ज्यांनी हे केलं ते खरंच हेच तिघं होते का, या प्रश्नाचं उत्तरही आता न्यायालयातून मिळणार नाही. फेरविचाराच्या याचिका २०२३मध्ये फेटाळल्या गेल्या.

डीएनए चाचणी आणि दोन बोटांची चाचणी यांची बरोबरी होऊ शकत नाही. एक शास्त्र आहे, दुसरं कधीच नव्हतं. पण न्यायालयात कागद येतो तेव्हा दोन्हींवर सहीशिक्का सारखाच असतो, आणि कागदापुढे मान तुकवायची सवयही तीच. १९७८मध्ये त्या सवयीची किंमत फिर्यादी मुलीने मोजली. २०१४मध्ये तीन आरोपी तिच्यामुळे फाशीच्या दारात पोहोचले, आणि २०२२मध्ये एका मेलेल्या मुलीच्या घरच्यांनी ती मोजली. निष्पक्ष खटला हा आरोपीचा हक्क आहे, असं आपण शिकतो आणि ते खरंच आहे. पण तज्ज्ञाला नीट प्रश्न विचारले गेले नाहीत, तर त्यात फिर्यादीचाही घात होतो. या दोघांचे हक्क तराजूच्या दोन पारड्यांसारखे मांडायची आपल्याला सवय लागली आहे. या दोन खटल्यांत मला तरी ते एकाच पारड्यात दिसतात.

२००५च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत दोन कलमं आली. एक आरोपीच्या वैद्यकीय तपासणीचं, ५३-अ. दुसरं पीडितेच्या तपासणीचं, १६४-अ. नव्या संहितेतही ती आहेत, नंबर तेवढे बदलले. दोन्हींत एक वाक्य समान आहे. डॉक्टरने काढलेल्या प्रत्येक निष्कर्षामागची कारणं अहवालात नेमकी लिहिली पाहिजेत.

गेल्या दिवाळीत ब्रह्मपुरीला गेलो होतो, तेव्हा वडशालाही जाऊन आलो. बाजार वाढलाय, पूल तोच. परत येताना मनात एकच विचार होता. २७ मार्च १९७२च्या त्या अहवालाला हे वाक्य लागू असतं, तर 'दोन बोटं सहज जातात' याच्या पुढच्या रकान्यात डॉक्टरांनी काय लिहिलं असतं?