सिस्टिम कॉलची किंमत : ऑपरेटिंग सिस्टिमच्या इतिहासातील वेग आणि सुरक्षितता यांचा संघर्ष

प्रस्तावना :

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा यंत्रांच्या वाढत्या वेगाचा इतिहास म्हणून केले जाते. परंतु या वेगाला अंतर्गत मर्यादा घालणाऱ्या व्यवस्थांकडे त्या मानाने कमी लक्ष दिले गेले आहे. सिस्टिम कॉल ही अशीच एक व्यवस्था होय. बँकेच्या ग्राहकाला स्वतः तिजोरीपर्यंत जाता येत नाही. त्याला खिडकीवर स्लिप द्यावी लागते, कर्मचारी ती तपासतो आणि मग रक्कम हाती पडते. त्याचप्रमाणे संगणकातील सामान्य प्रोग्रॅमला डिस्क, नेटवर्क किंवा दुसऱ्या प्रोग्रॅमची मेमरी यांना थेट हात लावता येत नाही. त्यासाठी त्याला ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, विनंती करावी लागते. ही विनंती म्हणजेच सिस्टिम कॉल होय. प्रोसेसरने सामान्य अवस्थेतून विशेषाधिकाराच्या अवस्थेत जाणे, विनंतीची तपासणी होणे आणि पूर्ववत परत येणे या प्रत्येक टप्प्यास वेळ लागतो. हा वेळ कमी करण्याच्या प्रयत्नांचा ऐतिहासिक आढावा घेणे आणि त्या प्रयत्नांचा सुरक्षिततेशी असलेला संबंध स्पष्ट करणे, हे प्रस्तुत शोधनिबंधाचे उद्दिष्ट आहे.

सीमारेषेचा उदय :

१९६२ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात कार्यान्वित झालेल्या अ‍ॅटलस संगणकात सुपरवायझर नावाचा नियंत्रक प्रोग्रॅम होता. त्यानंतर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, बेल लॅबोरेटरीज आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्या संयुक्त मल्टिक्स प्रकल्पाने अधिकारांच्या वर्तुळांची कल्पना मांडली. सर्वांत आतील वर्तुळाला सर्वाधिक अधिकार आणि बाहेरच्या वर्तुळांना क्रमाने कमी, अशी ती रचना होती. मात्र जीई-६४५ या यंत्रात ही वर्तुळे हार्डवेअरमध्ये नव्हती, ती सॉफ्टवेअरद्वारे उभी केलेली होती. त्यामुळे वर्तुळ ओलांडताना प्रत्येक वेळी सुपरवायझरला मध्ये पडावे लागे. १९७२ मध्ये श्रोडर आणि सॉल्ट्झर यांनी ही वर्तुळे हार्डवेअरमध्येच बसविण्याची रचना प्रसिद्ध केली आणि पुढे हनिवेल ६१८० या यंत्रात ती प्रत्यक्षात आली. सीमारेषा आखली गेली त्या काळातच ती ओलांडण्याचा खर्चही अभ्यासाचा विषय झाला होता, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

बेल लॅबोरेटरीज १९६९ मध्ये मल्टिक्समधून बाहेर पडली आणि त्याच वर्षी तेथे युनिक्सची सुरुवात झाली. युनिक्सने वर्तुळांची उतरंड सोडून कर्नल आणि वापरकर्ता असे दोनच स्तर ठेवले. सिस्टिम कॉलचा खर्च कमी करण्याचा येथील उपाय साधा होता : कॉलच कमी करणे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील इनपुट-आउटपुट लायब्ररी एकेक अक्षरासाठी कर्नलकडे जात नसे. ती एकाच फेरीत ५१२ बाइट आणून ठेवी आणि पुढील अक्षरे त्या साठ्यातून पुरवी. ५१२ फेऱ्यांचे काम एका फेरीत होऊ लागले. बाजाराला एकेका जिन्नसासाठी न जाता यादी करून एकदाच जावे, तसाच हा व्यवहार होता.

मायक्रोकर्नलचा वाद :

१९८० च्या दशकात कर्नलचा आकार हाच वादाचा विषय बनला. कार्नेगी मेलन विद्यापीठातील माख प्रकल्पातून पुढे आलेल्या विचारानुसार कर्नल शक्य तितका लहान असावा आणि फाइल, नेटवर्क आदी सेवा स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून त्याच्या बाहेर चालाव्यात. यामुळे एका सेवेतील दोष संपूर्ण यंत्रणेला बाधत नाही. परंतु सेवा बाहेर गेल्या की सीमा ओलांडण्याच्या फेऱ्या वाढतात. ५० मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर एक छोटा संदेश पाठविण्यास बहुतेक मायक्रोकर्नलना सुमारे १०० मायक्रोसेकंद लागत. जर्मन संशोधक योखेन लिट्के यांनी १९९३ मध्ये हेच काम ५ मायक्रोसेकंदांत होऊ शकते हे दाखवून दिले. दोष कल्पनेचा नसून बांधणीचा आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

व्यावसायिक क्षेत्राने मात्र वेगळी वाट धरली. मायक्रोसॉफ्टने १९९३ च्या विंडोज एनटी ३.१ मध्ये ग्राफिक्सची व्यवस्था कर्नलबाहेर ठेवली होती. १९९६ च्या एनटी ४.० मध्ये ती वेगासाठी कर्नलच्या आत नेण्यात आली. त्यामुळे ग्राफिक्समधील चुकीचा परिणाम आता कर्नलपर्यंत पोहोचू शकत होता.

लिनक्स आणि जलद प्रवेशद्वार :

१९९१ मध्ये सुरू झालेल्या लिनक्सने इंटेलच्या प्रोसेसरवर सिस्टिम कॉलसाठी १२८ क्रमांकाचा इंटरप्ट वापरला. या मार्गाने जाताना प्रोसेसरला मेमरीतील तक्ता वाचून अधिकारांची पडताळणी करावी लागे. पेंटियम २ मध्ये इंटेलने 'सिसएंटर' ही जलद सूचना दिली. परंतु तिचा वापर सोपा नव्हता. ती परतीचा पत्ता नोंदवून ठेवत नसे आणि जुन्या प्रोसेसरमध्ये ती उपलब्धही नव्हती.

२००२ च्या डिसेंबरमध्ये पेंटियम ४ वर जुना इंटरप्ट-मार्ग फारच महाग पडतो, ही बाब लिनक्सच्या विकासकांच्या चर्चेत ठळकपणे पुढे आली. नवा प्रोसेसर घड्याळाच्या वेगात पुढे असूनही या एका कामात मागे पडत होता. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी काढलेला तोडगा असा : कर्नलने प्रत्येक प्रोग्रॅमला मेमरीचे एक पान उपलब्ध करून द्यावे आणि त्या यंत्राला योग्य असा प्रवेशमार्ग त्यात ठेवावा. प्रोग्रॅमने फक्त त्या पानाकडे जावे. पुढचा मार्ग कोणता, हे कर्नलने ठरवावे. परतीची जागा ठरलेली असल्याने पत्त्याची अडचणही मिटली. २००३ च्या २.६ आवृत्तीतून ही सुधारणा सर्वसामान्य वापरात आली.

याच कल्पनेच्या विस्तारातून 'व्हीडीएसओ' ही व्यवस्था स्थिरावली. वेळ विचारणे हे प्रोग्रॅमचे वारंवार होणारे काम. कर्नल घड्याळाची माहिती केवळ वाचता येईल अशा पानावर ठेवतो आणि प्रोग्रॅम ती सीमा न ओलांडता वाचतो. चौकात घड्याळ लावले की वेळ विचारायला कार्यालयात जावे लागत नाही.

अप्रत्यक्ष खर्च आणि मेल्टडाउन :

टोरांटो विद्यापीठातील सोआरेस आणि स्टम यांनी २०१० मध्ये या प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आणली. सिस्टिम कॉलचा खर्च केवळ ये-जा करण्याचा नसतो. कर्नलचे काम चालू असताना प्रोग्रॅमची माहिती प्रोसेसरच्या कॅशमधून बाहेर ढकलली जाते आणि परतल्यावरही काही काळ प्रोग्रॅम संथ चालतो. विनंत्या एकत्र करून स्वतंत्रपणे पार पाडण्याच्या त्यांच्या पद्धतीमुळे अपाची या वेब सर्व्हरची कार्यक्षमता कमाल ११६ टक्क्यांनी वाढली.

जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या मेल्टडाउन या दोषाने या इतिहासाला अनपेक्षित वळण दिले. कर्नलची मेमरी प्रत्येक प्रोग्रॅमच्या पत्ता-नकाशातच, परंतु कुलपात, ठेवण्याची प्रथा होती. प्रत्येक कॉलच्या वेळी नकाशा बदलावा लागू नये, हा त्यामागील हेतू. मेल्टडाउनने हे कुलूप अनेक प्रोसेसरवर, विशेषतः इंटेलच्या, निरुपयोगी असल्याचे दाखवले. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेल्या कल्पनेच्या आधारे लिनक्सने दोन स्वतंत्र नकाशे स्वीकारले. आता सीमा ओलांडताना प्रत्येक वेळी नकाशा बदलणे आले. दशकानुदशके वाचविलेला खर्च एका महिन्यात परत आला. वारंवार सिस्टिम कॉल करणाऱ्या डेटाबेससारख्या प्रणालींना त्याची झळ अधिक बसली.

२०१९ मध्ये लिनक्स ५.१ सोबत आलेल्या 'आयओ-यूरिंग' या व्यवस्थेने विनंत्यांची आणि उत्तरांची अशा दोन सामाईक रांगा निर्माण केल्या. अनेक विनंत्या एकाच कॉलमध्ये देता येऊ लागल्या. परंतु २०२३ मध्ये गुगलने जाहीर केले की, त्यांच्या लिनक्स कर्नलविषयक बक्षीस योजनेत आलेल्या हल्ल्यांपैकी ६० टक्के हल्ले याच व्यवस्थेतील दोषांवर आधारलेले होते. परिणामी क्रोमओएसमध्ये ती बंद करण्यात आली आणि अँड्रॉइडमध्ये तिच्या वापरावर निर्बंध आले.

निष्कर्ष :

१. सिस्टिम कॉलचा खर्च कमी करण्याचे मार्ग मुख्यतः तीन राहिले : फेऱ्या कमी करणे, प्रवेशद्वार जलद करणे आणि सेवा सीमेच्या अलीकडे वा पलीकडे हलविणे. १९७९ ची लायब्ररी आणि २०१९ ची रांग यांच्यामागील तत्त्व एकच आहे.

२. हा इतिहास सरळ प्रगतीचा नाही. एनटी ४.०, मेल्टडाउन आणि आयओ-यूरिंग या तिन्ही प्रसंगी वेगासाठी केलेल्या तडजोडीची किंमत स्थैर्याच्या किंवा सुरक्षिततेच्या रूपाने मोजावी लागली अथवा ती मोजण्याची शक्यता निर्माण झाली.

३. त्याउलट लिट्के यांचे कार्य व व्हीडीएसओ यांवरून दिसते की, सीमा न मोडताही वेग साधता येतो. त्यासाठी खर्च नेमका कोठे होतो याचा शोध घ्यावा लागतो.

सामान्य वापरकर्त्याला ही सीमारेषा दिसत नाही. त्याचा पासवर्ड, त्याचा पत्रव्यवहार आणि त्याचे बँक व्यवहार मात्र तिच्याच भरवशावर सुरक्षित असतात. म्हणून सिस्टिम कॉलला लागणारा वेळ हा केवळ अपव्यय न मानता संरक्षणाचे मूल्य म्हणून पाहणे आणि त्यातील कोणता भाग खरोखर अनावश्यक आहे हे ठरविणे, अधिक उचित होय.