अर्धा कोयता इंग्रजीत कसा मांडायचा?

केजहून अंबाजोगाईला एसटीनं जाताना शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "सर, काय शिकवता?" म्हटलं, बी.ए.ला इंग्रजी. "म्हणजे स्पोकन का?" नाही, साहित्य; पोरांचा मेजर विषय असतो तो. गृहस्थ थोडं थांबले आणि म्हणाले, "मग बोलायला कधी येणार त्यांना?"

हा प्रश्न त्यांचा एकट्याचा नाही. पालक तो विचारतात, संस्थाचालक विचारतात, आणि अलीकडे अभ्यासक्रम आखणारेही याच सुरात बोलतात. तेव्हा पूर्वपक्ष नीट मांडून घेऊ. बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यातल्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या पोराला गोल्डस्मिथ आणि शेक्सपिअर काय कामाचे? त्याला मुलाखतीत चार वाक्यं धड बोलता आली पाहिजेत, अर्ज लिहिता आला पाहिजे. त्याला व्यावहारिक इंग्रजी द्या. साहित्य ही पोट भरलेल्यांची चैन. उरलंसुरलं भाषांतर मोबाईल करतोच.

या म्हणण्यातली कळकळ खोटी नाही. पण भाषा येणं म्हणजे बोलता येणं, हे त्यात गृहीत धरलंय, आणि बीडच्या माणसानं तरी हे गृहीत धरू नये.

२०२३ च्या अखेरीस कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मराठवाड्यात निजामकाळातली दप्तरं उघडली गेली. कागद मोडीत, उर्दूत, काही फारसीत. बीड शहरात उर्दू बोलणारी माणसं गल्लोगल्ली आहेत, पण जुना, घाईघाईच्या शिकस्ता वळणाचा कागद समोर ठेवला की त्यातली बहुतेक मान हलवतात. अक्षर लागलं तरी शब्द लागत नाही, आणि शब्द लागला तरी त्या काळच्या महसुलात त्याचा अर्थ काय होता ते कळत नाही. ज्यांच्या घरी इनाम जमिनीचा मुंतखब, म्हणजे सरकारी दाखला, आहे, त्यांना हे तीन पिढ्यांपासून माहीत आहे. असा कागद वाचायला अभ्यासक लागतो, आणि तो स्पोकन क्लासमधून तयार होत नाही. इंग्रजीचं याहून वेगळं असण्याचं कारण मला दिसत नाही. न्यायालयाचा निकाल असो, विम्याची अट असो की करारातलं पोटकलम, माणूस अडतो तो वाचताना.

आता दुसरा आक्षेप. तो विद्वानांकडून येतो, म्हणून जास्त आदरानं ऐकला जातो. इंग्रजीचा अभ्यास म्हणजे मेकॉलेचं देणं, गुलामीचा अवशेष. हा युक्तिवाद पुण्या-मुंबईत जन्मला आणि तिथंच शोभतो. मेकॉलेचं शिक्षणावरचं टिपण १८३५ चं. तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होतं आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथंच राहिलं. इथली दरबारी भाषा आधी फारसी, मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उर्दू. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. इंग्रजी तिथं एक सक्तीचा विषय होती. म्हणजे इथल्या मराठी पोराच्या डोक्यावर जी राजभाषा होती ती इंग्रजी नव्हती. इंग्रजी इथं बाजूच्या दारानं आली, आणि वाघिणीचं दूध वगैरे म्हणण्याइतका तिचा गाजावाजाही झाला नाही. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते १९५८ साली, इंग्रज गेल्यावर अकरा वर्षांनी. इथल्या इंग्रजी विभागांचा वंशवृक्ष मेकॉलेपर्यंत नेणाऱ्यानं मधला निजाम कुठं ठेवायचा, तेवढं सांगावं.

या विभागांनी मराठीला काय दिलं, तेही पाहू. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला काढलेल्या कॉलेजचं, म्हणजे मिलिंदचं, उदाहरण घ्या. पुढे तिथं प्राचार्य झालेले म. ना. वानखेडे इंग्रजीचे प्राध्यापक. ते अमेरिकेत शिकून आले ते तिथल्या काळ्या लेखकांचं साहित्य वाचून. ज्यांना शतकानुशतकं माणूस मानलं नाही ते स्वतःबद्दल लिहायला बसले की काय घडतं, हे त्यांनी पाहिलं होतं, आणि तोच प्रश्न त्यांनी इथल्या तरुणांपुढे ठेवला. १९६७ च्या सुमारास मिलिंदच्या परिसरातून 'अस्मिता' निघालं, त्याचंच पुढे गंगाधर पानतावण्यांच्या संपादनाखाली 'अस्मितादर्श' झालं. दलित साहित्याला वळण देणाऱ्या नियतकालिकांत त्याचं नाव पुढच्या रांगेत येतं. त्या साहित्यामागे आंबेडकरी चळवळ होती, शाहिरी जलसे होते, हे मी विसरत नाही. एकट्या इंग्रजी विभागाला श्रेय देणं हास्यास्पद होईल. तरी त्या चर्चेत अमेरिका आली ती इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या माणसाच्या झोळीतून. व्यावहारिक इंग्रजी शिकून आलेल्या माणसानं अर्जाचा नमुना आणला असता.

आणि हे तेवढ्यावर थांबत नाही. मर्ढेकर इंग्रजीचे प्राध्यापक. विंदा करंदीकर इंग्रजीचेच. त्यांनी ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र आणि 'किंग लिअर' मराठीत आणलं. देशीवादाचा झेंडा घेतलेले भालचंद्र नेमाडे अनेक वर्षं इंग्रजी शिकवत होते, काही वर्षं आमच्याच औरंगाबादच्या विद्यापीठात. मराठीवर प्रेम करायचं तर इंग्रजी विभाग ओस पाडावा, असं म्हणणाऱ्यांनी ही यादी एकदा चाळावी. कोणी म्हणेल, हे अपवाद आहेत. असतीलही. पण 'विवेकसिंधु' लिहिणाऱ्या मुकुंदराजांपासून आपल्याकडे हीच रीत आहे. ज्याला संस्कृतातला वेदान्त मुळातून वाचता येत होता, त्यालाच तो मराठीत आणता आला.

आता खरी उणीव. आमच्या वर्गांत जे चालतं त्याचं समर्थन मी करणार नाही. नोकरीच्या सुरुवातीला मी ज्या कॉलेजात तासिका तत्त्वावर होतो, तिथं तीन वर्षांत मूळ पुस्तक एकाही विद्यार्थ्याच्या हातात पाहिलं नाही. गाईड होतं, त्यातले पंधरा 'अपेक्षित' प्रश्न होते, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानापुढे रांग होती. कविता मराठीत सांगायची, उत्तर इंग्रजीत पाठ करून घ्यायचं. अशा पदवीला एसटीतले ते गृहस्थ नावं ठेवत असतील तर बरोबरच आहे. पण यावर उपाय म्हणून साहित्य काढून तिथं संभाषणकौशल्य घातलं, तर गाईडवाले त्याचंही गाईड काढतात. काढलंच आहे. रोग न वाचण्याचा आहे, आणि औषध म्हणून वाचनच कमी केलं जातंय.

वाचलं तर काय होतं, ते एकदा पाहिलंय. गोल्डस्मिथची १७७० ची 'डेझर्टेड व्हिलेज' शिकवत होतो. श्रीमंतांनी जमीन बळकावली, गाव उठलं, माणसं समुद्रापार गेली. वर्गात निम्म्या पोरांचे आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला साखर कारखान्यावर गेलेले. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, त्यांचं एकदाच ओस पडलं. आमचं दरसाल पडतं, आन् पाडव्याला पुन्हा भरतं. मग आमच्या गावाला काय म्हणायचं?" गोल्डस्मिथच्या कवितेत याचं उत्तर नाही. माझ्याकडेही नव्हतं.

तिलाच मी पुढे भाषांतराचा प्रकल्प दिला. वडिलांनी सांगितलेली एका हंगामाची हकीकत इंग्रजीत आणायची. पहिल्याच ओळीत अडलं: मुकादमाकडून एका कोयत्याची उचल घेतली. मोबाईलनं कोयत्याचं 'सिकल' केलं आणि उचलीचं 'लिफ्ट'. म्हणजे बापानं मुकादमाकडून एक विळा उचलला! आपल्याकडे एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि एकटा माणूस अर्धा कोयता. हिशोब असा की बाई वजा केली तर पुरुष अर्धा उरतो, पण पैसे हातात पडतात ते त्याच अर्ध्याच्या. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया देशभर गाजल्या, सरकारनं समिती नेमली. त्यावर त्या वेळी आलेला इंग्रजी मजकूर वाचून, कोयता-उचलीसारखा कुठला शब्द कुठं निसटला हे सांगू शकेल असं माणूस बाहेरून येणार नाही. त्याला दोन्हीकडचे शब्द आतून माहीत लागतात.

मुलीनं 'कोयता' हा शब्द तसाच ठेवला आणि खाली आठ ओळींची तळटीप दिली. उचल म्हणजे नुसता ॲडव्हान्स का नाही, हेही तिनं त्यात सांगितलं: ती फिटली नाही तर पुढच्या हंगामालाही त्याच मुकादमाकडे जावं लागतं. इंग्रजी दोन ठिकाणी चुकलं होतं, ते मी सोडून दिलं. दहापैकी नऊ गुण दिले. एक कापला तो 'खाडा' शब्दासाठी. तिनं त्याला 'हॉलिडे' लिहिलं होतं. मी समासात लिहिलं, "या सुट्टीचे पैसे कोण भरतं?"