सुप्याचा बाजार आणि सुडाचा हिशेब

सूड म्हटला की आपल्याकडे वक्ता द्रौपदीच्या मोकळ्या केसांपासून आरंभ करतो. आम्ही पुराणात शिरत नाही. आमचे आयुष्य कारखान्यांच्या दरवाज्यांवर गेले. तेथे सूड रोज पाहावयास मिळतो, आणि तो पुराणातल्यासारखा भव्य मुळीच नसतो. शिवाय ज्या सुडाविषयी आम्हांस बोलावयाचे आहे तो घेणारे लोक साधे कुणबी होते. पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यात, सुपे गावच्या बाजारात, १२ मे १८७५ रोजी तो घेतला गेला. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तीही त्याच साली. शहरात लोक बोलणे ऐकण्यास जमू लागले होते, आणि खेड्यातल्या लोकांचे बोलणे संपले होते.

आधी भाषेकडे पाहू. आपण उट्टे काढतो, वचपा काढतो, अपमानाची परतफेड करतो, हिशेब चुकता करतो. सुडाचे निम्मे शब्द दुकानदाराच्या वहीतून आलेले आहेत. उरला तो डूख, तो सापाकडून घेतलेला. म्हणजे आपल्या पूर्वजांनी या वृत्तीची दोन अंगे ओळखली होती: एक जनावराचे, दुसरे हिशेबाचे. अलीकडच्या शास्त्रज्ञांनी प्रयोग करून जे शोधले ते याहून फार वेगळे नाही.

जनावराचे अंग आधी घेऊ. जर्मनीतल्या लाइपझिग येथे चिंपांझी वानरांवर एक प्रयोग झाला. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. एका वानरापुढे खाऊचे फळकूट ठेवायचे. दुसऱ्याने ते आपल्याकडे ओढून नेले, तर पहिल्याला दोरी ओढून ते फळकूट कोसळवता येई. त्यात त्याच्या स्वतःच्या पदरात काही पडत नसे. चोरी झाली की वानरे दोरी ओढीत. परंतु तोच खाऊ माणसाने उचलून दुसऱ्या वानरापुढे ठेवला, तर इतका सूड घेत नसत. भूक दोन्ही वेळा सारखीच; पण राग गेलेल्या घासाचा नव्हता, चोरणाऱ्या हाताचा होता.

हिशेबाचे अंग झुरिकमध्ये तपासले गेले, २००४ साली. पैशांच्या एका खेळात ज्याने विश्वासघात केला त्याला दंड करण्याची मुभा फसलेल्या गड्याला दिली, आणि त्या क्षणी त्याच्या मेंदूची छायाचित्रे घेतली. सुखाची अपेक्षा असताना मेंदूचा जो भाग जागा होतो, तोच जागा झाला. कित्येकांनी तर दंड करण्यासाठी स्वतःच्या खिशातले पैसे मोजले. पदरमोड करून दुसऱ्याला शिक्षा देणे हा आतबट्ट्याचा धंदा दिसतो, पण तसा तो नाही. पोलीस नाहीत, कोर्ट नाही, अशा लाखो वर्षांत जो मुकाट्याने लुबाडून घेई त्याला पुन्हा लुबाडीत. ज्याच्या वाटेस गेले की महागात पडते अशी ख्याती असे, त्याचे कुटुंब टिके. सुडाने गेलेले परत मिळत नाही; पुढचे वाचते. म्हणून ही वृत्ती आपल्या रक्तात उतरली. ‘सूड हा रोग आहे’ असे सांगणारे सज्जन आम्हांस पुष्कळ भेटतात. त्यांतल्या बहुतेकांना कोणी लुबाडलेले नसते.

आता सुप्याकडे वळू. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस थांबला, आणि दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि त्याच सुमारास सरकारने नवी पाहणी करून सारा कित्येक गावी दीडपट-दुप्पट केला. कुणब्याने कर्ज मागितले तर सावकाराने हात आखडला. पण लोक उठले ते एवढ्यावरून नाही, हे ध्यानात घ्यावे. तोटे त्यांनी पूर्वीही सोसले होते.

उठले ते रीत मोडल्यामुळे. जुना दंडक दामदुपटीचा होता. व्याज मुदलाहून अधिक होऊ द्यायचे नाही. इंग्रजी कोर्टात कागद तेवढा खरा ठरू लागला. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचे एक प्रकरण पुढे चौकशीत सापडले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याचे आयुष्य तीन वर्षांचे केले. हेतू असा की व्याज फार साचू नये. सावकाराने दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेण्यास आरंभ केला, आणि साचलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल होऊन बसले. कुणब्याने भरलेल्या पैशाची पावती नाही, आणि अंगठा कशावर उठवला ते वाचता येत नाही.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावी एका सावकाराने दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावर एका देशमुखाचे घर पाडले. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. न्हावी हजामत करीना, धोबी कपडे घेईना, त्यांची शेते कोणी करीना. आमच्या धंद्यातल्या माणसास हे फार ओळखीचे वाटते; हरताळ म्हणजे दुसरे काय? तो बहिष्कार गावोगाव पसरला, पण टिकला नाही.

मग सुप्याचा बाजार भरला. जमावाने सावकारांची दुकाने घेरली आणि मागितले ते रोखे व वह्या. कागद मिळाले त्यांची होळी केली. धान्याची दुकाने लुटली गेली, काही घरेही पेटली. दंगा नगर जिल्ह्यात पसरला व तीसहून अधिक गावांत झाला. चौकशी मंडळाने नमूद केले आहे की जेथे सावकाराने कागद निमूट हवाली केले तेथे बहुधा पुढे काही घडले नाही. दार लावून बसला तेथेच बळ वापरले गेले. पिढ्यान्‌पिढ्यांचा राग असूनही माणसांच्या अंगावर हात टाकण्याचे प्रकार फार थोडे.

असे का? सावकार मेला तर त्याच्या वारसाकडे रोखा उरतोच. शिवाय पुढच्या पेरणीला बी कोणाकडून आणणार? ज्याच्याशी उद्या पुन्हा व्यवहार करावयाचा आहे त्याच्याशी सूड हात राखून वागतो, आणि त्याच मनात त्याच कारणासाठी क्षमाही उपजते. आमच्या ओळखीचा एक कंत्राटी कामगार पगारवाढ अडवणाऱ्या सुपरवायझरची वाट पाहात सायकलची साखळी हातात घेऊन फाटकाबाहेर उभा होता. आम्ही उपदेश केला नाही. एवढेच विचारले, “हा पडला तर तुझी हजेरी कोणाच्या वहीत आहे?” वही ठेकेदाराच्या कार्यालयात होती. साखळी पिशवीत गेली, आणि वहीची मागणी करणारा अर्ज दुसऱ्या दिवशी गेला.

मात्र सुप्याच्या लोकांची आम्हांस आरती ओवाळायची नाही. सुडाचा डोळा जवळचे पाहतो. सारा वाढवणारे सरकार दूर होते, म्हणून ते सुटले. आणि चौकशी मंडळानेही सरकारी सारा हे कारण नव्हे, सावकारच कारण, असा निर्वाळा देऊन टाकला. राग शेजाऱ्यावर गेला की सत्तेला तो नेहमीच सोयीचा असतो. दुसरी गोष्ट याहून बोचणारी. त्याच अहवालात आहे की जेथे मारवाड्यांबरोबर ब्राह्मण व इतर जातींचे सावकारही धंदा करीत, तेथेसुद्धा बहुधा मारवाडीच तेवढे भरडले गेले. व्याज दोघांचेही चढेच होते. वानरास चोराचा हात दिसतो. माणसास त्या हाताची जात व मुलूखही दिसतो. संघटनेचे काम करणाऱ्याने हे पान पुन्हा पुन्हा वाचावे. परप्रांतीय कामगाराकडे बोट दाखवून मालकाला मोकळे सोडणारी भाषणे आम्ही कमी ऐकलेली नाहीत.

अमेरिकेतल्या एका प्रयोगात, जो २००८ साली प्रसिद्ध झाला, असे दिसले की सूड घेतल्याने बरे वाटेल अशी लोकांची खात्री असते, पण घेतल्यावर ते त्याच गोष्टीवर अधिक काळ घोळत राहतात आणि अधिक खिन्न होतात. सुप्याच्या कुणब्यांना होळी विझल्यावर काय वाटले ते कोणी लिहून ठेवले नाही. पुष्कळांची धरपकड झाली, शिक्षा झाल्या. परंतु १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. तो पुणे, नगर, सातारा व सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू होता. कर्जापायी शेतकऱ्यास कैद करणे बंद झाले. रोख्यावरच्या आकड्यामागे जाऊन पहिल्यापासूनचा व्यवहार उकरून पाहण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला.

सावकारांनी त्यावरही तोड काढली. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यावयाचे, आणि पैसे फिटल्यावर जमीन परत देण्याचे वचन तोंडी ठेवायचे. कागदावर कर्जच नाही, तर न्यायाधीश उकरणार काय? ही तोड इतकी टिकाऊ निघाली की महाराष्ट्रात २०१४ साली झालेल्या सावकारी नियमन कायद्यात, अशा खरेदीखताने गेलेली जमीन जिल्हा निबंधकाकडे अर्ज करून परत मागण्याची सोय ठेवावी लागली. १८७९ पासून मोजली तर मध्ये एकशे पस्तीस वर्षे गेली होती.