डायलिसिस, स्त्रिया आणि शरीरातला दाह : एक मागोवा

एरवी स्त्रिया पुरुषांपेक्षा सरासरी काही वर्षे जास्त जगतात. पण डायलिसिस सुरू झाले की हा फायदा जवळजवळ नाहीसा होतो. असे का? घरचे लोक "नशीब" किंवा "तिच्या रक्तातच आहे" म्हणून गप्प बसतात. खरे उत्तर समजण्यासाठी थोडे मागे जाऊ या.

१९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, नेदरलँड्समधील कांपेन गावात डॉ. विलेम कोल्फ यांनी लाकडी पिंप आणि सेलोफेनची नळी वापरून कृत्रिम किडनी तयार केली. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ मध्ये या यंत्रामुळे वाचलेली पहिली रुग्ण एक स्त्रीच होती : ६७ वर्षांच्या सोफिया शाफस्टाट. त्यांची किडनी तात्पुरती बंद पडली होती. त्या शुद्धीवर आल्या आणि पुढे सात वर्षे जगल्या.

किडनी कायमची निकामी झालेल्यांसाठी मार्ग निघाला १९६० मध्ये. अमेरिकेत सिॲटलच्या डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायम ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी बसवली. त्यांचे पहिले रुग्ण क्लाइड शील्ड्स त्यानंतर अकरा वर्षे जगले. शेवटी ते गेले हृदयविकाराने. १९७४ मध्ये सिॲटलच्याच डॉक्टरांनी लिहिले की डायलिसिसच्या रुग्णांच्या रक्तवाहिन्या फार वेगाने खराब होतात.

त्यामागचे एक मोठे कारण पुढे आले १९९९ मध्ये. जर्मनीतील डॉक्टरांना दिसले की ज्यांच्या रक्तात सीआरपी जास्त, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण जास्त. सीआरपी म्हणजे शरीरात दाह, म्हणजेच इन्फ्लमेशन, चालू असल्याची खूण. त्याच वर्षी स्वीडनमधील डॉक्टरांनी दाखवले की कुपोषण, दाह आणि रक्तवाहिन्यांचा आजार हे तिघे बरेचदा एकत्र येतात.

मग प्रश्न आला जनुकांचा. एकाच मशीनवर, तेवढाच वेळ डायलिसिस घेणाऱ्या दोघींपैकी एकीच्याच शरीरात दाह जास्त का? इंटरल्यूकिन-६ हे दाह वाढवणारे रसायन. ते किती तयार व्हावे हे काही अंशी जनुकांवर ठरते. संशोधकांनी या जनुकातील छोटे फरक तपासले, पण निष्कर्ष सगळीकडे सारखे आले नाहीत. एका जनुकाच्या तपासणीवरून कोण किती जगेल हे आजही सांगता येत नाही. तसे कोणी सांगून महागडी तपासणी सुचवली, तर आधी आपल्या किडनीतज्ज्ञांना विचारा.

२००२ मध्ये अमेरिकेतील १,८४६ रुग्णांच्या 'हीमो' अभ्यासाचा निकाल आला. डायलिसिसचा डोस वाढवून एकूण रुग्णांना फायदा दिसला नाही. स्त्रियांचा वेगळा हिशेब केला, तेव्हा मात्र जास्त डोस मिळालेल्या गटात मृत्यूचा धोका १९ टक्के कमी दिसला. हा पक्का पुरावा नव्हे, पण सगळ्यांना एकच माप लावावे का, ही शंका त्याने निर्माण केली.

या साऱ्या इतिहासातून तुम्ही काय घ्यायचे? जनुके बदलता येत नाहीत, पण दाहाची बरीच कारणे शोधता येतात. मानेतली कॅथेटर नळी हे त्यातले मोठे कारण. स्त्रियांच्या शिरा बारीक असल्याने हातातला फिस्टुला तयार व्हायला अनेकदा अडचण येते आणि नळी महिनोन्‌महिने राहते. म्हणून डायलिसिस लागण्याआधीच फिस्टुलाबद्दल विचारा. हिरड्या सुजल्या असतील तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. नळीच्या जागी लाली, पू किंवा थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

आणि जेवण. सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाणारी बाई डायलिसिसवर असेल, तर तिला प्रथिने कमीच पडतात. आहारतज्ज्ञांनी सांगितलेले अंडे, पनीर किंवा डाळ आधी तिच्या ताटात पडू द्या. डायलिसिसची वेळ "आज घरात काम आहे" म्हणून कमी करू देऊ नका. पुढच्या भेटीत विचारा : "हिला डोस पुरेसा मिळतोय का? सीआरपी आणि अल्ब्युमिन किती आहे?"