गोदीतला गुन्हा

‘द वायर’ ही अमेरिकी गुन्हेमालिका रेंगाळते, अशी तक्रार ती अर्ध्यावर सोडणारे हमखास करतात. २००२ ते २००८ या काळात एचबीओवर तिचे ६० भाग झाले आणि एकेका तपासाने अख्खं पर्व खाल्लं. फोन टॅप करायचा तर आधी इतर मार्ग खुंटल्याचं न्यायाधीशांना पटवावं लागतं. तोवर पोलिसांबरोबर प्रेक्षकही ताटकळतो. माझ्या मते ही गती बाल्टिमोर शहराच्या इतिहासातूनच आली आहे. १९५० मध्ये तिथे साडेनऊ लाख लोक राहत होते, २००० मध्ये साडेसहा लाख उरले. स्पॅरोज पॉइंटच्या पोलाद कारखान्यात ऐन भरात तीस हजारांच्या आसपास कामगार होते. त्याची मालक कंपनी बेथलेहेम स्टील २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. पन्नास वर्षं चाललेल्या या पडझडीचा आरोपी शेवटच्या भागात बेड्या घालून उभा करता येत नाही.

दुसरं पर्व पाहावं. एका कंटेनरमध्ये तरुणींचे मृतदेह सापडतात, पण कथा रमते ती गोदी कामगारांत. माणसांच्या टोळ्या दिवसचे दिवस जो माल उतरवत, तो कंटेनर आल्यावर क्रेन काही तासांत उतरवू लागली. युनियनचा पुढारी फ्रँक सोबोटका तस्करीचा पैसा राजकारण्यांवर उधळतो, कारण त्याला बंदराचा गाळ उपसून आणि धान्याचा धक्का पुन्हा सुरू करून पोरांना काम मिळवून द्यायचं आहे. अशाने गुन्ह्याला सबब मिळते, असा आक्षेप घेता येईल. पण मालिका त्याला सोडत नाही; त्याचा जीवच जातो. कल्पित कथा पुरावा कशी, हा प्रश्न अधिक रास्त आहे. कर्ता डेव्हिड सायमन ‘बाल्टिमोर सन’चा माजी गुन्हेवार्ताहर, सहलेखक एड बर्न्स त्याच शहरातला माजी पोलीस आणि शिक्षक, तरी तेवढ्यावर विसंबू नये. रोजगार गेला म्हणून शहर ढासळलं, हे मालिकेचं म्हणणं अपुरंच आहे. काळ्या-गोऱ्यांच्या वस्त्या वेगळ्या ठेवणारा कायदा बाल्टिमोरने १९१० मध्येच केला होता. तसे कायदे सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये अवैध ठरवले, पण १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्जाच्या नकाशांवर काळ्यांच्या वस्त्या लाल रंगाने धोक्याच्या ठरल्या. ही जखम कारखाने जोरात असतानाची आहे आणि मालिका तिच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. गोदीबद्दल मात्र तिचं निदान अचूक होतं. सोबोटकाला धान्याच्या धक्क्यावर महागडी घरं उठण्याची धास्ती होती. बाल्टिमोरच्या लोकस्ट पॉइंट भागातलं खरं धान्यकोठार पुढे आलिशान सदनिकांचा टॉवर झालं.