सोळा कीं सोळावें?

शिलालेखांतील शकवर्ष गत धरावें कीं वर्तमान, या वादांत संशोधकांनीं पुष्कळ शाई खर्च केली आहे. हाच वाद १८६९ सालीं लंडन येथें दोन हिंदी उमेदवारांच्या मुळावर आला होता. ती हकीकत येथें नमूद करितों.

सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा १८५५ पासून चढाओढीची झाली. पण ती होई विलायतेंत. समुद्र ओलांडावा, ज्ञातीचा रोष पत्करावा, घरचा पैसा वेंचावा, तेव्हां कोठें उमेदवार म्हणवून घेतां येई. १८६३ सालीं सत्येंद्रनाथ ठाकूर हे पहिले हिंदी उत्तीर्ण झाले. पुढें १८६९ सालीं एकदम चौघांस यश आलें: रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बानर्जी हे तिघे बंगाली, आणि चौथे आपले श्रीपाद बाबाजी ठाकूर. नांवें लागल्यावर मग कमिशनरांनीं सुरेंद्रनाथ व श्रीपाद बाबाजी यांच्या वयाविषयीं शंका काढली.

वयाची मर्यादा एकवीस वर्षांची होती. सुरेंद्रनाथांनीं १८६३ अखेर कलकत्ता विश्वविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेस बसतांना आपलें वय सोळा लिहिलें होतें. सोळा पुरीं धरलीं, तर १८६९ मध्यें मर्यादा उलटते. परंतु त्यांचा जन्म १० नोव्हेंबर १८४८ चा. म्हणजे त्या वेळीं पंधरा सरून सोळावें लागलें होतें, इतकेंच. आपल्याकडे चालू वर्ष सांगण्याचीच रीत. मुंजीचें आठवें वर्षसुद्धां शास्त्रकार गर्भापासून मोजतात! आम्ही शाळेंत मुलांचीं नांवें दाखल करून घेत असूं, तेव्हां वडील म्हणत, 'बारावें लागलें,' आणि कारकून लिही, १२. यांत लबाडी कोणाचीच नसे.

कमिशनरांनीं खुलासा मागविला. सुरेंद्रनाथांनीं ही गणना समजावून सांगितली. ती पटली नाहीं व दोघांचीं नांवें यादींतून गेलीं. इंग्रजी गणना त्यांस ठाऊक, आपली नव्हती. त्याबद्दल आम्ही त्यांस दोष देत नाहीं. पण नेमणारा तोच, शंका घेणारा तोच आणि निवाडा करणाराही तोच, हें मात्र आमच्या मतें अन्यायाचें होतें. परक्या मुलखांत, परीक्षा जिंकून बसलेल्या तरुणास एकाएकीं खोटा ठरविणें ही लहान गोष्ट नव्हे. पद गेलें असतें, आणि अब्रूही.

सुरेंद्रनाथ गप्प बसले नाहींत. त्यांनीं क्वीन्स बेंच न्यायालयांत दाद मागितली. न्यायालयानें कमिशनरांस कारण दाखविण्यास फर्माविलें, तेव्हां त्यांनीं माघार घेऊन दोघांचींही नांवें पुन्हा यादींत घातलीं. जें जन्मपत्रिकेवरून घटकाभरांत उलगडलें असतें, त्यास न्यायालय लागलें.

सुरेंद्रनाथांची बाजू त्यांच्या १९२५ सालीं निघालेल्या आत्मचरित्रांत वाचावयास मिळते. श्रीपाद बाबाजींची बाजू सांगणारीं पत्रें किंवा टिपणें कोणाच्या घरच्या दप्तरांत असल्यास त्यांनीं तीं मंडळाकडे अवश्य पाठवावीं, अशी आमची विनंती आहे. नक्कल करून मूळ कागद जसेच्या तसे परत करूं.